मेल, मालगाडी आणि दाऊदभाऊ

दाऊदभाऊ रातकिड्यांना जेवायला घालत असत. मळवली स्टेशनवर तारबाबू म्हणून हजर झालो, त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते हेच करताना. बत्तीघराच्या पायरीवर उकिडवे बसून एका पत्र्याच्या डब्यात ते काकडीच्या साली आणि चिमूट-चिमूट कोंडा टाकत होते. डब्याच्या तोंडाला विरविरीत फडकं बांधलेलं, आणि आतून किर्र आवाज येत होता.

"काय पाळलंय?" मी विचारलं.

"रातकिडं."

"ते कशाला?"

"बेडकांना घालाया."

मी हसलो. किडे जर बेडकांच्याच पोटात जायचे, तर त्यांना काकडीचा पाहुणचार कशासाठी, असं मी विचारलं. नवा होतो, बावीस वर्षांचा होतो, आणि पुण्याहून आलो असल्यामुळे स्टेशनवरच्या प्रत्येकापेक्षा आपल्याला दोन गोष्टी जास्त कळतात अशी माझी समजूत होती. भाऊंनी मान वर केली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता, त्यामुळे ते माणसाकडे जरा तिरपं पाहत.

"बाबू, उपाशी किडा म्हंजे नुसतं टरफल. बेडूक खाईल, पन अंगी काय लागंल त्याच्या? जे खायाचं ते आदी जेवल्यालं पायजे."

हे बोलणं मला त्या वेळी वेडगळ वाटलं. आता वाटत नाही. पण आता पटून काय उपयोग!

गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची. गाड्या विजेवर धावू लागल्या होत्या, तरी आमच्या सिग्नलांमधले दिवे घासलेटचेच होते. सकाळी ते खाली उतरवायचे, वाती कातरायच्या, भिंगं पुसायची, तेल भरायचं आणि दिवस मावळायच्या आत शिडी चढून पुन्हा जागच्या जागी बसवायचे, हे भाऊंचं काम. वय पंचावन्नच्या आसपास. अंगाने काटक, दाढी पांढरी, डोक्याला विटका रुमाल. अंगाला कायम घासलेटचा वास. पण बेडकांच्या डोणीत हात घालायच्या आधी ते हात तीनदा धूत, दोनदा राखेने आणि एकदा शिकेकाईने. का, तर "बेडूक तोंडानं पानी पीत न्हाई, कातडीनं पितो. माझ्या हाताचं घासलेट सरळ त्याच्या पोटात जातंय."

डोण म्हणजे गुरांना पाणी पाजायची दगडी डोण. बत्तीघराच्या मागे कर्दळीच्या सावलीत ती होती. एका बाजूला बोटभर पाणी, दुसऱ्या बाजूला ओली माती, मधे आडोशाला एक फुटकं कौल, वरून जाळी. त्यात दोन बेडूक राहत. एक मेल आणि दुसरी मालगाडी. मेल सडपातळ आणि चपळ. किडा दिसला रे दिसला की गडप. मालगाडी माझ्या पंजाएवढी, हिरवी, पाठीवर पिवळी रेघ, आणि तिचं सगळं सावकाश. भाऊ म्हणत, "हिला सिंगल पडला तरी निघाया येळ लागतो."

ही दोघं त्यांच्याकडे आली तेव्हा नखाएवढी होती म्हणे. दिव्यांखालच्या तेलाच्या ताटलीत पडून तडफडत होती. भाऊंच्या बायकोने ती पळीने काढली, पाच पाण्यांनी धुतली आणि डोणीत सोडली. त्याच वर्षी बायको गेली. मूलबाळ नव्हतं. आंदर मावळात एक भाची दिलेली होती, तेवढंच रक्ताचं माणूस. "मंग घरात तीन तोंडं उरली," भाऊ म्हणत. "माजं योक, आन ही दोन भिजल्याली." याला सहा वर्षं झाली होती.

बेडकांच्या खाण्याचं भाऊंचं शास्त्र पक्कं होतं. मेलेलं घालायचं नाही, कारण बेडकाला जे हलत नाही ते दिसतच नाही. गांडूळ म्हणजे भाकरी, पोटाला आधार. रातकिडा आणि नाकतोडा म्हणजे कालवण. दिव्यावरचा पतंग म्हणजे पापड, चवीपुरता. केसाळ सुरवंट नाही, मुंगळा नाही, आणि काजवा तर हरगीज नाही, "त्याच्यात ईख आसतंय." अंड्याची टरफलं वाळवून ते खलबत्त्यात कुटत आणि त्या भुकटीत रातकिडे घोळवून मगच डोणीत सोडत. कुणी हसलं तर आपल्या ढोपरावर टिचकी मारून सांगत, "हाडं काय नुसत्या पान्यावर व्हत्यात व्हय?"

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रोज घालायचं नाही. दिवसाआड, तेही मोजून. मालगाडी कौलाखालून डोकं काढून कितीही आशेने बघू दे. "बेडकाला भूक कळती, बाबू. पोट भरल्यालं कळत न्हाई. ते आपुन कळून घ्यायाचं."

भरवण्याची त्यांची रीत बघण्यासारखी होती. तळहात डोणीत उघडा धरत आणि वाट पाहत. मालगाडी एकेक पाय टाकत येई, तळहातावर चढून बसे आणि बसल्या जागी दुसऱ्या हातातलं गांडूळ ओढून घेई. गिळताना तिचे डोळे आत जात. भाऊ इतके खूश होत की त्यांचेही डोळे मिटत.

माझी आई माझ्याबरोबर क्वार्टरमध्ये राहत होती. भाऊ तिला "ताई" म्हणत आणि डोंगरातून येताना करटुली, भारंगीची भाजी आणून आमच्या पायरीवर ठेवत. आई ती घेई, पाणी शिंपडून घेई. सणावाराला त्यांना पुरणपोळी देई, पण पानावर, आणि पान वरून त्यांच्या ओंजळीत सोडी. भाऊ ओंजळ पुढे करत आणि कधी काही बोलत नसत. मीही काही बोललो नाही. तेव्हा मला त्यात काही खटकतच नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात भाऊंच्या उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला. वात कातरताना त्यांनी बोट कातरून घेतलं, शिडीवर पाय चुकला. स्टेशनमास्तरांनी सांगितलं, पुण्याला जाऊन मोतीबिंदू काढून घ्या, नाहीतर पेन्शनीच्या आधीच घरी बसावं लागेल. भाऊंना चिरफाडीची भीती नव्हती. नोकरीचीही फारशी नव्हती. ते संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. "बाबू, सा आटवडे लागतील म्हंत्यात. ह्या दोगांचं कसं?"

"मी आहे ना," मी म्हणालो. किती पटकन म्हणालो!

तीन दिवस त्यांनी मला शिकवलं. गांडूळ कुठे उकरायचं, रातकिडा कसा धरायचा, भुकटी किती. माझ्याकडून सगळं तोंडपाठ म्हणून घेतलं. गाडीत चढताना शेवटचं वाक्य काय बोलले, तर "खानाऱ्याच्या भुकंचं घाला, बाबू. आपल्या सवडीचं न्हाई."

पहिले आठ दिवस मी इमानाने केलं. ओल्या मातीतून गांडूळ ओढताना मला शिसारी येई. जेवताना हातांना वास येतोय असं वाटे. तरी केलं. भाऊंच्या बदली आलेल्या बत्तीवाल्याला किड्यांची किरकिर नको होती, म्हणून तो डबा मी घरी आणला. आणि नेमकं श्रावणातल्या सोमवारी डब्याचं फडकं सुटलं. आई पूजेला बसली, तर देव्हाऱ्यात रातकिडे. बाळकृष्णाच्या मुकुटावर एक.

आईचा चातुर्मास होता. ती किंचाळली नाही, एकेक किडा वाटीखाली धरून अंगणात सोडून आली आणि मला म्हणाली, "चार महिने तरी या घरातून जीव मारायला नेऊ नकोस रे बाबा. त्या बेडकांना दूधभात घाल. कुत्र्यामांजरांना चालतो, त्यांना का नाही चालणार?"

आता खरं सांगायचं तर आईचा चातुर्मास हे निमित्त होतं. गांडुळं काय, तिला न कळवता डोणीपाशीच उकरता आली असती. पण मलाच ते नको होतं, आणि ती सुटकेची वाट दाखवत होती. मऊ भाताच्या बोराएवढ्या गोळ्या केल्या. बेडकाला हललेलंच दिसतं, हे भाऊंनी शिकवलं होतं. म्हणून गोळी दोऱ्याला बांधली आणि मेलच्या नाकासमोर नाचवली. मेलने झडप घातली. मी दोरा सोडवून घेतला, गोळी आत गेली. थोड्या वेळाने मालगाडीनेही खाल्ली.

मला झालेला आनंद काय सांगू! सहा वर्षांत भाऊंना जे सुचलं नाही ते मला आठ दिवसांत सुचलं होतं. रक्त नाही, हिंसा नाही, हात स्वच्छ. स्टेशनवरचे लोक बघायला येऊ लागले. कुणीतरी म्हणालं, "बाबूंनी बेडकांची मुंज लावली!" मीही हसलो. आई भातावर रोज चमचाभर साजूक तूप घालू लागली, बिचारी मुकी जनावरं म्हणून. दोघं डोकं काढून बघू लागली की मला त्यांचं मन मोडवत नसे. दिवसाआडचं रोज झालं. रोजचं दोन वेळा झालं.

मी भाऊंना कार्ड टाकलं. "दोघे खुशाल. माझ्या हातचे खातात. अंगाने भरले आहेत." काय खातात ते लिहिलं नाही. लिहिलं नाही याचा अर्थ आपण चुकतोय हे मला आतून माहीत होतं.

आठवड्याने उत्तर आलं. इस्पितळातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, पण शब्द भाऊंचेच. "बाबूला दाऊदचा रामराम. डोळा काढून बसवला. दोनी डोळ्यांवर पट्टी हाय. टकुरं वाळूच्या दोन पिशव्यांच्या मदी ठेवलंय. हलायाचं न्हाई, शिंकायाचं न्हाई, खोकायाचं न्हाई. डाक्टर म्हंतो, रडाल तर डोळा जाईल. मी म्हनलं, रडाया काय झालंय? तुमचं कारड उशाखाली हाय. रोज योकदा वाचून घेतो. ताईंस्नी सांगावं, लय उपकार."

हे कार्ड आलं त्या दिवशी मालगाडीने गोळी खाल्ली नव्हती. तिचं पोट तट्ट फुगलं होतं आणि ती पाण्यात एका कुशीवर तरंगत होती. भाऊंचं वाक्य मला तेव्हा आठवलं, पोट भरलेलं कळत नाही हे. भात टाकून दिला, भर पावसात कुदळ घेऊन गेलो, मूठभर गांडुळं आणली. शिसारी वगैरे कुठच्या कुठे पळाली होती. तिच्या तोंडापाशी गांडूळ धरलं तर तिने मान फिरवली. मालगाडीने समोरचं खाणं नाकारलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. मेलने एक गांडूळ घेतलं, ते अर्धवट बाहेर टाकलं, आणि तिसऱ्या दिवशी तोही गेला.

दोघांना मी कर्दळीखाली पुरलं. आई दारात उभी होती. "तुपानं झालं का रे?" तिने विचारलं. मी म्हणालो, "तुझ्यामुळे काही नाही झालं." ते खरंच होतं, पण तिने ऐकलं नाही. राहिलेला सगळा चातुर्मास तिने भात सोडला. आणि मला म्हणाली, "त्यांना लिही. खरं काय ते लिही."

मी कार्ड घेऊन बसलो. रडाल तर डोळा जाईल, हे डोळ्यांपुढून हलेना. भाऊ पट्टी बांधून निजलेत, कुणीतरी कार्ड वाचतंय, "दोघे गेले", आणि त्यांनी रडायचं नाही. मी लिहिलं, "दोघे खुशाल." त्या दिवशी तरी ते दयेपोटी लिहिलं, असं मी अजूनही मानतो. पण मग पट्टी सुटली. मग चष्मा आला. तिथून पुढे दयेचं नाव घ्यायला जागा नव्हती. मी फक्त भित्रा होतो. भाऊ यायच्या आदल्या दिवशी मी टोपली घेऊन स्टेशनामागच्या भातखाचरात उतरलो आणि अंदाजाने त्याच आकाराचे दोन बेडूक धरून आणले. एक मोठी, पाठीवर पिवळी रेघ असलेली. एक सडपातळ.

आईने टोपली पाहिली. ती आत निघून गेली.

भाऊ गाडीतून उतरले ते जाड भिंगांचा चष्मा लावून. त्या चष्म्यातून त्यांना सगळं मोठं आणि वाकडं दिसे. फलाटावर पाय टाकताना खड्डा असल्यासारखा उचलून टाकत. घरी न जाता सरळ डोणीकडे गेले. हात धुतले, तीनदा. जाळी काढली, वाकले, आणि म्हणाले, "अगं बया! किती वाढल्यात ही! बाबू, केवढी केलीत तुमी!"

माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. जन्मात पहिल्यांदा. मला हात सोडवून घ्यावासा वाटला आणि ते त्यांना भलतंच काही वाटेल म्हणून सोडवताही येईना.

मग त्यांनी तळहात डोणीत धरला. दोन्ही बेडूक उसळले, डोणीच्या भिंतीवर आपटले आणि कौलाखाली जाऊन दडले. भाऊ हात धरून बसून राहिले. अर्ध्या तासाने उठले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

"रुसली," भाऊ म्हणाले. "सा आटवडे सोडून गेलतो. जनावर हाय, त्याला काय ठावं, इस्पितळ काय आन काय. त्यानला वाटलं आसंल, टाकून गेला."

पंधरा दिवस मी हे पाहिलं. रोज दुपारी दिव्यांची पुसपास झाली की भाऊ डोणीपाशी बसत आणि त्या खाचरातल्या परक्या बेडकांची माफी मागत. "चुकलं माजं. आता न्हाई जानार. ये गं मालगाडे." जाड काचेमागे त्यांचे डोळे दुप्पट मोठे दिसत आणि आता त्यांना रडायला डॉक्टरची बंदी नव्हती. एकदा मला म्हणाले, "तुमी घाला बरं, बाबू." मी गांडूळ टाकलं आणि मागे सरकलो. सगळं शांत झाल्यावर चप्पकन आवाज आला.

"तुमचं खाल्लं!" भाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात हेवा नव्हता. मला वाटतं, थोडा असता तर मला बरं वाटलं असतं. "तुमच्या हाताची सवं पडली त्यानला. बरोबरच हाय. ज्यानं खाऊ घातलं त्याचीच ती."

त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. आई म्हणाली, "उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. वाक्य ठरवून गेलो होतो. "भाऊ, मला एक सांगायचंय," एवढं म्हणालोसुद्धा.

"ठावं हाय काय सांगनार ते," भाऊ म्हणाले. मला वाटलं, त्यांनी ओळखलं. ते म्हणाले, "सोडून द्या, आसंच म्हननार ना? मी बी त्याच इचारात हाय. दिवाळीला पेन्शन. भाचीकडं जाईन म्हंतो, तितं डोंगरात कशी न्यायाची ही? तुमच्याकडं ठेवली आसती, पन ताईंचं सोवळं हाय, तुमाला कुटं गांडुळं उकराया लावू? रुसल्यालं जनावर कोंडून ठिवू ने. चला, आत्ताच सोडू."

माझं वाक्य तसंच राहिलं. टोपली मी धरली, तीच टोपली. भाऊ पुढे झाले आणि स्टेशनामागच्या भातखाचराच्या बांधावर येऊन थांबले. भात निसवून लोंब्या बाहेर पडू लागल्या होत्या. मी जिथून ते दोघे उचलले होते, तिथून दहा पावलांवर भाऊंनी टोपली खाली ठेवायला सांगितली. झाकण काढल्याबरोबर एक उडी, दुसरी उडी, आणि भातात सळसळ. आपल्या घरी आली होती ती.

भाऊ चष्मा सावरत होते. एवढ्या चपळ हालचाली त्या चष्म्यातून त्यांना दिसत नसत.

"गेली?"

"गेली."

मग तिसरीकडेच पाहत त्यांनी विचारलं, "मागं बघितलं का?"

मी आजपर्यंत पुष्कळ खोटं बोललो असेन. पण या खोट्याचं काय करावं हे मला अजून समजलेलं नाही. मी म्हणालो, "हो. मालगाडी बांधावर थांबली होती जराशी."

भाऊंचा चेहरा उजळला. "थांबनारच," ते म्हणाले. "जड हाय ती."

परत येऊन त्यांनी डोण घासून कोरडी केली. डब्यातल्या रातकिड्यांना काकडीची साल घातली, ते खाईपर्यंत वाट पाहिली, आणि मग फडकं सोडून डबा गवतात आडवा केला. दिवाळीनंतर ते आंदर मावळात गेले. निघताना आईला भेटायला आले. आईने पुरणपोळी केली होती. त्या दिवशी तिने त्यांना ओटीवर पाट मांडून बसवलं, ताटात वाढलं आणि वाढायला ओणवी झाली ती पदर डोळ्यांना लावूनच उठली. भाऊंना वाटलं, आपण जातोय म्हणून. ते म्हणाले, "ताई, येत ऱ्हाईन की." ते पुन्हा आले नाहीत आणि मी गेलो नाही.

माझ्या बदल्या होत गेल्या. महायुद्ध आलं आणि संपलं. आई गेली ती घोरावाडीच्या मुक्कामात. शेवटच्या दिवसांत तिला माणसं ओळखू येत नसत, पण एकदा माझा हात धरून तिने स्वच्छ विचारलं, "दाऊदला सांगितलंस का?" मी तिला हो म्हणालो. म्हणजे तिथेही तेच.

तिचे दिवस झाल्यावर मी कान्हे स्टेशनला उतरलो आणि चालत निघालो. वाट विचारत, ओढे ओलांडत दुपार कलायच्या सुमाराला भाऊंच्या भाचीच्या वाडीवर पोचलो. वाटभर मी एकच वाक्य घोकत होतो: भाऊ, ते दोघे मेले, मी मारले, तुम्ही ज्यांची माफी मागितली ते दुसरेच होते. वाक्य लांब होतं, पण चालताना पावलांना बरोबर बसत होतं.

भाची अमीना भात झोडत होती. पन्नाशीची, उन्हाने रापलेली. मळवलीचा तारबाबू म्हटल्यावर तिने हातातली पेंढी खाली ठेवली. "मामा गेला की," ती म्हणाली. "गेल्या थंडीत. तापाचं निमित्त झालं."

मी ओसरीच्या कडेला बसलो. तिने पाणी दिलं, मग दारात उभी राहून म्हणाली, "लांबून आलाय. जेवनार ना? आमच्या हातचं चालंल का? आन भात टाकू का भाकर? मामा म्हनायचा, वाढायच्या आदी खानाऱ्याला इचारावं."

"चालेल," मी म्हणालो. "भाकरीच द्या."

नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं होतं. मी खाली मान घालून जेवत होतो. अमीना समोर बसून माझ्याकडे बघत होती.

"योक इचारू का, बाबू? मामा लय सांगायचा. ठेसनात योक बामन बाबू व्हता. घरात आईचा चातुर्मास, पन माज्या बेडकांसाटी चिखलात हात घालून गांडुळं काडायचा. आपल्या हातानं भरवायचा. मामा म्हनायचा, सोताचं सोवळं बाजूला ठिवून दुसऱ्याच्या जिवाला जपनारा मानूस म्या तेवडा योकच पाह्यला. पोरांना बी हेच सांगायचा. ते तुमीच का?"

चार तास चालून आणलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं, घासाबरोबर. तिच्या डोळ्यांत तिच्या मामाचा आनंद होता, मालगाडी बांधावर थांबली म्हटल्यावर झाला होता तोच.

"हो," मी म्हणालो. "मीच."

तिने काही न विचारता आणखी एक भाकरी माझ्या ताटात वाढली, आणि मी ती खाल्ली.